पोस्टकार्डाएवढा पत्रा

खरं तर त्या दुपारी तो आला होता आत्याचा नवा चष्मा द्यायला.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, पत्र्याच्या भिंती, पत्र्याचं छप्पर आणि मधोमध एक जुना लेथ. लेथवर लाकडाचा साचा गरगर फिरायचा. साच्याला पत्र्याची गोल चकती टेकवायची, लांब दांड्याचं बोथट हत्यार काखेत धरायचं आणि अंगाचा सगळा भार देऊन फिरता पत्रा हळूहळू साच्यावर चढवायचा. दिव्यांच्या छत्र्या, नरसाळी, केकची भांडी, शर्यतींचे चषक, सगळं तिथंच जन्माला यायचं. त्या दिवशी लेथवर ती होती. केस फडक्यात बांधलेले, नाकाच्या शेंड्यावर ॲल्युमिनियमची चंदेरी पूड.

तो दारात येऊन उभा राहिला. पाठीवर लांबट काळी पेटी. लेथ घुमतच होता, आणि त्या घुमण्याबरोबर पेटीच्या आतून काहीतरी कुरकुरायला लागलं… झर्र, झर्र. कुणी डब्यात खिळे घालून हलवावेत तसं.

तिनं लेथ बंद केला.

"तुमच्या पेटीत खराब पत्रा आहे," ती म्हणाली.

"पेटीत गिटार आहे."

"असेल. पत्रा खराब आहे."

तो रागावला असता, पण तिच्या बोलण्यात टोचून बोलणं नव्हतं. पाऊस पडतोय म्हणून सांगावं इतकं सरळ होतं ते. त्यानं पेटी उतरवली, उघडली आणि विचारलं, "मिस्त्री कुठं आहेत? त्यांनाच दाखवतो."

"दाखवा की," ती म्हणाली आणि हात पुसत पुढं झाली.

कोपऱ्यात पॉलिश करत बसलेली आत्या खुदकन हसली. ही आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. हात पॉलिशला आणि जीभ सगळ्यांना. नवा चष्मा तिनं तिथल्या तिथं डोळ्यांवर चढवला, त्या पोराला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "चष्मा झकास झालाय. सगळं दिसतंय मला."

तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा आणि भिंगं घासायचा. स्वतःला मात्र चष्मा नव्हता. तरी त्या दिवसापासून कारखान्यात त्याचं नाव चष्मेवाला पडलं ते पडलंच.

गिटार स्वस्तातली होती. तिच्या पोटात, जाळीच्या झाकणाखाली, ॲल्युमिनियमचा एक पसरट शंकू पालथा घातलेला असतो. शंकूच्या टोकावर लाकडाची चकती, चकतीवरून तारा. इतर गिटारींत लाकूड आवाज मोठा करतं, या रेझोनेटर गिटारीत तो शंकू करतो. आणि हिचा शंकू होता जाड, मशीनवर एका ठोक्यात दाबून काढलेला. तो रविवारी बागेतल्या वाद्यवृंदात वाजवायचा. तिथले मास्तर त्याला स्पष्टच म्हणाले होते, की हा डबा आणणार असशील तर शेवटच्या रांगेत बस आणि हळू वाजव. चांगला शंकू लांबून मागवावा लागे, सहा महिने थांबावं लागे.

तिनं शंकू नखानं वाजवून पाहिला. तोंड वाकडं केलं.

"मी करून देते," ती म्हणाली.

"तुम्हाला येतो?"

"आला नाही तर तुमचा आहेच की… डबा."

तिनं इतक्या झटकन हो म्हटलं त्याला कारण होतं. तिच्या वडिलांचा उजवा खांदा निकामी होत चालला होता आणि येत्या एक तारखेपासून लेथवर बाहेरचा एक कारागीर यायचा ठरला होता. रोजचं काम तीच करत असे, पण प्रत्येक वस्तूवरून शेवटचा हात फिरायचा तो वडिलांचा. शेवटचा हात म्हणजे हत्याराची अखेरची फेरी, सगळ्या रेघा पुसून पत्रा आरशासारखा करणारी. तो हात ज्याचा, त्यानंच कडेला चांदणीचा बारीकसा ठसा मारायचा. ठशाचा खिळा आजोबांपासूनचा. वडिलांच्या शर्टाच्या खिशात तो पेनासारखा असे.

आदल्या आठवड्यात ती त्यांना म्हणाली होती, की बाहेरचा माणूस कशाला, मी आहे ना. वडील म्हणाले होते, "छत्र्या तू करशीलच. पातळ काम आलं की हात कळतो. पोस्टकार्डाएवढा पातळ पत्रा ओढून दाखव, एक रेघ न पडता. मग मी त्याला नको म्हणून कळवतो."

पोस्टकार्डाएवढा पातळ. त्या गिटारीला नेमका तेवढाच हवा होता.

पहिला शंकू तिनं सवयीनं केला, दिव्याच्या छत्रीच्या पत्र्याचा. आत्यानं त्याला असं पॉलिश केलं की त्यात भांग पाडावा. तो संध्याकाळी आला, शंकू बसवला, तारा चढवल्या, आणि नेमका पाऊस सुरू झाला. त्या छपराखाली पाऊस म्हणजे दुसरं काही ऐकायची सोयच नाही. वडिलांचे कान लेथच्या आवाजानं कधीच गेले होते, त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला आणि म्हणाले, "अर्धा तास तरी जाईल."

मग काय, बसले दोघं. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे, आणि ते तर शक्यच नव्हतं. म्हणून त्यानं खिशातून आपली वही काढून लिहिलं – "नाकावर चांदी आहे." तिनं नाक पुसलं. त्यानं लिहिलं – "आता गालावर आहे." तिनं वही ओढून घेतली आणि लिहिलं – "राहू द्या. तुम्ही डोळे तपासा, गाल नको." आत्या लांबून नव्या चष्म्यातून सगळं वाचायचा प्रयत्न करत होती.

पाऊस थांबला. त्यानं वाजवलं. आवाज अजून डब्याचाच आहे हे कारखान्यात तेवीस वर्षं वाढलेल्या तिच्या कानाला सांगायला कुणी लागलं नाही, पण तिनं विचारलंच, "कसा आहे?"

"दिसायला देखणा आहे."

"आणि ऐकायला?"

तो जरा घुटमळला. "…देखणा आहे."

तिला हसू आलं आणि रागही आला. काम वाईट आहे असं तिला आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. गिऱ्हाईकं म्हणायची, मुलीच्या मानानं छान. ते तिला जास्त लागायचं.

"खोटं बोलला असता तर काही बिघडलं असतं का?" तिनं विचारलं.

"माझ्या धंद्यात खोटं बोललं की माणूस भिंतीवर आपटतो," तो म्हणाला.

दुसऱ्या शंकूला तिनं पातळ पत्रा घेतला. दोन चकत्या लेथवरच फाटल्या. एकीनं तर मनगटावर ओरखडा काढला. तिसरी चढली, आणि पुन्हा फाटू नये या धास्तीनं तिनं तयार शंकू शेगडीवर तापवला. पत्र्यावर साबणाची रेघ ओढायची आणि रेघ तपकिरी झाली की थांबायचं. पत्रा मऊ होतो. फारच मऊ झाला. तारा आवळल्या तसा तो शंकू उशीत डोकं रुतावं तसा खाली बसला. दोघं त्याच्याकडे बघत राहिले.

"झोपला," तो म्हणाला.

"उठवते उद्या," ती म्हणाली.

त्याच्या येण्याला आता निमित्त लागेनासं झालं होतं. दुकान बंद केलं की तो पेटी घेऊन यायचा. येताना आत्यासाठी भिंगं पुसायचं फडकं, कधी वडिलांचे डोळे तपासायला अक्षरांचा तक्ता. वडिलांनी शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली आणि लहान पोरासारखे खूश झाले. तिला मात्र त्यानं कधी तपासलं नाही. विचारलं तर म्हणायचा, मिस्त्रींचे डोळे तपासायला माझं शिक्षण कमी पडेल. तो आता तिला मिस्त्रीच म्हणायचा. पहिल्या दिवसाची चूक त्यानं अशी फेडायला घेतली होती.

तिसरा शंकू तिनं न तापवता ओढला. हत्याराच्या दाबानंच पत्रा ताठ होतो हे तिला ठाऊक होतं, फक्त त्यावर विसंबायचा धीर नव्हता झाला. टोकावरच्या चकतीसाठी तिनं आजोबांच्या एका तडकलेल्या साच्याचा तुकडा कापला. साठ वर्षं दाब सोसलेलं लाकूड, दगडासारखं. तारा छेडल्या… आणि पहिल्यांदाच आवाज आतून आला. पण मागून ते झर्र होतंच.

तो झाकणाचे स्क्रू आवळायला लागला. काहीही कुरकुरलं की स्क्रू आवळायचे, एवढाच उपाय त्याला माहीत.

"आवळू नका," तिनं त्याचा हात धरला. मग तिच्या लक्षात आलं की आपण हात धरलाय. सोडला. "म्हणजे… आवळून उपयोग नाही. खाली नीट टेकत नसेल तो."

तिनं शंकूच्या कडेला निळा रंग फासला, गिटारीच्या पोटातल्या कंगोऱ्यावर शंकू ठेवला आणि हलकेच फिरवून उचलला. गोल निळी रेघ उमटायला हवी होती. उमटले तीन ठिपके. कंगोऱ्यावर वॉर्निशचे थेंब वाळून त्यांचे डोंगर झाले होते आणि बिचारा शंकू तीन पायांवर उभा होता. मग एकाच दिव्याखाली, दोन डोकी त्या भोकाशी वाकवून, ती पात्यानं खरवडत राहिली आणि तो फुंकर घालत राहिला. रंग, खरवड, फुंकर, पुन्हा रंग. सातव्या वेळी निळं वर्तुळ पुरं झालं. त्यानं मान वर केली तेव्हा त्याच्या नाकावर निळा ठिपका होता. तिनं तो सांगितला नाही. रस्ताभर तसाच जाऊ दे म्हणाली मनात.

त्या संध्याकाळी ती गिटार बोलली. डोळे तपासताना तो गिऱ्हाइकाला विचारत असे तसं त्यानं तिला विचारलं, "आधीचं बरं, की हे बरं?" आणि तिनं पुढं होऊन स्वतःच सगळ्या तारा पुन्हा एकदा छेडल्या. त्या आवाजात तिचा उजवा खांदा होता, तिची काख होती. इतकं तिच्या हातचं असं काही आजवर झालंच नव्हतं.

पण शंकूवर रेघा होत्या. मधल्या टोकापासून कडेपर्यंत बारीक, एकात एक, पाण्यात खडा पडल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी तिनं त्या घासून काढल्या. शंकू आरसा झाला. संध्याकाळी त्यानं वाजवलं, पुन्हा वाजवलं.

"कालचं बरं होतं," तो म्हणाला. "आज जरा… जाडसर पडद्याआडून येतंय."

घासताना पत्रा तापला होता, झिजला होता. रेघांबरोबर त्याचा ताठपणाही गेला होता. तिला ते त्याच्याआधी कळलं होतं.

"कालच्यावर रेघा होत्या."

"मग असू द्या ना रेघा. झाकणाखाली कोण बघणार?"

"तुम्हाला काय जातंय सांगायला," ती फणकारली. आणि मग तिनं त्याला सगळं सांगितलं. एक तारीख, कारागीर, पोस्टकार्ड, एक रेघ न पडता. सांगताना पाठमोरी होऊन हत्यारं पुसत राहिली.

 मग त्यानं त्याच गिटारीवर पुन्हा बोटं फिरवली आणि म्हणाला, "नाही हो… नीट ऐकलं तर हाही छान आहे. हाच ठेवू. हाच दाखवा बाबांना."

ती गर्रकन वळली.

"काय म्हणालात?"

"छान आहे म्हटलं."

"तीन आठवड्यांत पहिल्यांदा खोटं बोललात," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "माझ्यासाठी म्हणून बोललात ते कळतंय मला. पण एवढी एकच जागा होती जिथं माझं काम वाईट असलं तर वाईट म्हणत होते. तीही गेली."

त्याचा चेहरा उतरला. पेटी बंद न करताच तो उभा राहिला. "ती गेली नाही," तो म्हणाला. "शंकू वाईट आहे. कालचा चांगला होता. आणि ते तुम्हाला सांगणं मला जड जातंय… याआधी कधी जायचं नाही. बस एवढंच झालंय."

तो गेला. गिटार तशीच राहिली. आत्या कोपऱ्यातून म्हणाली, "नंबर वाढलाय त्याचा." ती दिवा मालवायला उठली तेव्हा ओठ दाबून धरलेले होते.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिनं चौथा शंकू ओढला. सकाळी, कुणी यायच्या आत. मधून कडेला, एका दमात. हत्यार उचललं आणि परत टेकवलं नाही. दुपारी आत्याला पाठवून त्याला दुकानातून बोलावून आणलं, वडिलांना स्टुलावर बसवलं आणि शंकू त्यांच्या हातात दिला.

वडिलांनी कड चिमटीत धरली. पोस्टकार्ड. भुवया वर गेल्या. मग अंगठा आतून फिरवला आणि भुवया खाली आल्या.

"रेघा आहेत."

ती त्यांना ओठ दिसतील अशी समोर उभी राहिली. "आहेत. मी ठेवल्यात."

"काय ठरलं होतं?"

"एक रेघ न पडता."

"मग?"

"मग येऊ द्या कारागिराला. पण हा शंकू असाच राहील, बाबा. हा असाच बरोबर आहे."

तो लेथला टेकून उभा होता. 

"आधी हात ठेवून बघा," ती म्हणाली.

गिटारीत आरशासारखा शंकू होताच. त्यानं वाजवलं, वडिलांनी गिटारीच्या पाठीवर तळवा टेकवला, भिंतीवर पावसासाठी टेकवायचे तसा. "हं," म्हणाले. मग त्यानं तारा सैल केल्या, झाकण काढलं, शंकू बदलला, पुन्हा तारा चढवल्या. स्क्रू त्यानं जेवढ्यास तेवढे आवळले.

पुन्हा सूर निघाला. वडिलांचा तळवा तसाच होता. मग दुसराही तळवा आला. डोळे मिटले. तो थांबला तर डोळे न उघडता म्हणाले, "थांबू नकोस."

बऱ्याच वेळानं त्यांनी तिला विचारलं, "हात कुठून कुठं नेलास?"

"मधून कडेला. एका दमात."

"एका दमात," ते आत्याला म्हणाले, जणू काही तक्रारच करताहेत. "ऐकलंस? एका दमात म्हणते. मला कधी जमलं नाही ते." आणि खिशातून तो ठशाचा खिळा काढून त्यांनी लेथवर ठेवला. "तूच मार. मला हल्ली बारीक दिसत नाही."

चष्मेवाल्यानं तोंड उघडलं. गेल्याच आठवड्यात त्यांनी तक्त्याची शेवटची ओळ वाचली होती, त्याच्यासमोर. आत्यानं त्याच्या पायावर पाय दिला.

"हो," तो म्हणाला, "नजर जरा… मंदावलीच आहे."

तिनं शंकू पुन्हा बाहेर काढला. कडेवर खिळा धरला, हातोडीचा एक नाजूक ठोका. चांदणी उमटली. झाकणाखाली जाणारी, कुणालाही न दिसणारी.

रविवारी बागेत मास्तरांनी पहिल्या चार सुरांतच हात वर करून सगळ्यांना थांबवलं. चष्म्यावरून शेवटच्या रांगेकडे बघितलं. "नवी घेतलीस?"

"नाही. तीच आहे. आमच्या मिस्त्रींनी शंकू केलाय."

"कोण मिस्त्री?"

त्यानं हात केला. बाकांवरची माणसं वळून एखादा मिशाळ, दणकट पुरुष शोधायला लागली. तेव्हा ती उठून उभी राहिली, फडकं नाही, पूड नाही, पण मान लेथवर असते तशी ताठ. मास्तर तिच्याकडे बघून थोडे वाकले आणि त्याला म्हणाले, "पुढं ये. पहिल्या रांगेत." तिच्या शेजारी बसलेले वडील काही ऐकत नव्हते. ते फक्त लोकांच्या माना कुणाकडे वळल्यात ते बघत होते, आणि कितीही बघितलं तरी त्यांचं मन भरत नव्हतं.

परतताना भुरभुर सुरू झाली. वडील आणि आत्या पुढं निघून गेले. आत्या इतकी भरभर चालताना कुणी पाहिली नव्हती. हे दोघं चष्म्याच्या दुकानाच्या वळचणीला थांबले. मग किल्ली त्याच्या खिशातच होती म्हणून आत गेले. पेटी टेकवली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर उंच खुर्ची.

"बसा," तो म्हणाला. "आज तपासतोच."

ती बसली. त्यानं तिच्या नाकावर भिंगं बदलून बघायची लोखंडी गोल चौकट ठेवली, एक भिंग घातलं, काढलं.  भिंग चौकटीला लागून किणकिणलं.

"आधी हे बघा," तो तक्त्याकडे बघत म्हणाला. "मी रोज दुकान बंद करून घरी जातो… आणि तुमच्या लेथचा आवाज आठवत बसतो." त्यानं भिंग बदललं. "आता हे. मी रोज दुकान बंद करून… लेथ जिथं आहे तिथंच येतो. कायमचा. आणि तुमचं काम वाईट असलं तर वाईट म्हणतो." एवढं बोलून तो थांबला. "आधीचं बरं, की हे बरं?"

बाहेर पाऊस वाढला होता. या छपराला मात्र पत्रा नव्हता. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

गिऱ्हाईकं जे नेहमी म्हणतात तेच ती म्हणाली. "परत दाखवा."

त्यानं परत दाखवलं. या वेळी तक्त्याकडे न बघता.

"दुसरं," ती म्हणाली. "दुसरंच बरं आहे… आणि तुझ्या नाकावर काही नाहीये आज. त्या दिवशी निळा ठिपका घेऊन घरी गेला होतास."

"माहीत आहे," तो म्हणाला. "दोन दिवस पुसला नव्हता."

सोमवारी एक तारीख होती. बाहेरचा कारागीर आला नाही. ती लेथवर पोचली ती पाच मिनिटं उशिरा, जन्मात पहिल्यांदा. वडिलांनी घड्याळाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि त्या दिवशीची पहिली चकती स्वतःच्या हातानं साच्याला लावून, बाजूला सरकून, तिला जागा करून दिली.